आठ फेरे कमीत कमी

स्पेसर, म्हणजे चाक बाहेर सरकवायला हब आणि चाक यांच्यात घालायची चकती, टाकायचा असेल तर आधी हे करा. चाकाचा नट नुसत्या हाताने लावा. पाना नको, नट फिरवायची गन तर नकोच. पहिला आटा पकडल्यापासून नट रिमला टेकेपर्यंत किती पूर्ण फेरे होतात ते मोजा. हबमधून बाहेर आलेल्या ज्या आटेदार दांड्यांवर हे नट बसतात ते स्टड. माझ्या होंडा सिटीचे स्टड एम१२ × १.५ आहेत. म्हणजे जाडी १२ मिलिमीटर आणि एका फेऱ्यात नट दीड मिलिमीटर पुढे सरकतो. आठ फेरे झाले की १२ मिलिमीटर आटे पकडीत आले. स्टडची जाडी जेवढी, निदान तेवढे आटे पकडीत हवेत, हा फिटर लोकांचा जुना हिशेब. सप्तपदी इथे पुरत नाही. गाडी ट्रॅकवर न्यायची असेल तर मी दीडपट धरतो, १८ मिलिमीटर, बारा फेरे. मारुतीवाल्यांचा आटा बारीक, १.२५चा, म्हणून त्यांना कमीत कमीसाठीच दहा फेरे मोजावे लागतील.

स्पेसरची चौकशी करणारा प्रत्येक जण मला आधी ‘किती एमएमचा टाकू?’ असं विचारतो. फेरे किती होतायत हे कुणीच सांगत नाही, कारण मोजलेलेच नसतात. एफसी रोडवर संध्याकाळी पाहा, पंचवीस पंचवीस मिलिमीटरचे स्पेसर टाकून चाकं मडगार्डच्या बाहेर काढलेल्या गाड्या फिरत असतात. त्यांच्या नटांकडे बघायची मला भीती वाटते.

माझी सिटी तिसऱ्या पिढीची, दीड लिटर आय-व्हीटेक. आठवडाभर ती चिंचवड ते चाकण जाते-येते, तळवड्याचे खड्डे खाते, कंटेनरच्या मागे रांगते. आणि अधूनमधून कोइमतूरला करी मोटर स्पीडवेवर जाते. चेट्टिपाळयमजवळचा हा ट्रॅक २००३ साली सुरू झाला. लांबी जेमतेम २.१ किलोमीटर, पण वळणांमागून वळणं, त्यामुळे ब्रेकना आणि टायरना उसंत म्हणून मिळत नाही. एस. करीवर्धन यांचं नाव त्याला दिलंय. मारुती ८००चं इंजिन बसवलेल्या छोट्या सिंगल सीटर गाड्या बनवून आपल्याकडच्या सामान्य पोरांना रेसिंगचं दार उघडून देणारा हा माणूस. ट्रेलर मला परवडत नाही, म्हणून सातारा, कोल्हापूर, हुबळी, बंगळुरू, सेलम करत गाडी चालवतच जायचं आणि चालवतच परत यायचं. येऊन-जाऊन दोन हजारांच्या वर किलोमीटर रस्ता आणि त्याच्या टाचेएवढा ट्रॅक. स्टड मात्र दोन्हीकडे तेच. म्हणून लांबी ठरवताना मी निम्मा विचार ट्रॅकचा केला आणि निम्मा पंक्चरवाल्याचा.

स्पेसर लागला तो हौसेखातर नव्हे. कंपनीचं चाक साडेपाच इंच रुंद आणि त्यावर १७५/६५ आर१५ टायर. ट्रॅकसाठी मी सात इंची अलॉय घेतले, ऑफसेट ४० (चाक हबला टेकतं ती जागा रिमच्या मध्यापासून ४० मिलिमीटर बाहेरच्या बाजूला; हा आकडा जितका कमी तितकं चाक बाहेर), त्यावर १९५/५५ आर१५. टायरचा व्यास १३ मिलिमीटरने कमी होतो, त्याचं काही बिघडत नाही, उलट गिअरिंग थोडं आखूड होतं आणि वळणातून बाहेर पडताना बरंच वाटतं. पण पुढच्या चाकात टायरची आतली बाजू आणि शॉकअॅब्सॉर्बरची नळी यांच्यात फट उरली तीन मिलिमीटर. उभ्या गाडीत तीन. वळणात टायरची भिंत दबते, रिमही थोडी लवते, तेव्हा ती फट उरतच नाही. पाच मिलिमीटर चाक बाहेर आलं की प्रश्न सुटतो. मागे तसा काही प्रश्नच नव्हता, म्हणून मागे स्पेसर नाही.

आता कोणी म्हणेल, ऑफसेट ३५चंच चाक घ्यायचं की. अगदी बरोबर. मिळालं असतं तर तेच घेतलं असतं, हा लेखही लिहावा लागला नसता. योग्य ऑफसेटच्या चाकाला कुठलाच स्पेसर हरवू शकत नाही. पण ४ × १०० पीसीडी (१०० मिलिमीटरच्या वर्तुळावर चार भोकं), पंधरा इंच, सात रुंदी, वजनाला हलकं आणि माझ्या बजेटात, या सगळ्या अटी एकत्र पाळणारं चाक आपल्या बाजारात सापडणं हा नशिबाचा भाग आहे. मला जे सापडलं ते ४०चं.

तर फेरे. कंपनीच्या चाकावर हाताने अकरा फेरे होत होते, साडेसोळा मिलिमीटर. नव्या अलॉयचा नट बसतो तिथला भाग जाड, म्हणून तिथे नऊ, साडेतेरा मिलिमीटर. रस्त्यापुरतं चालून गेलं असतं. पण पाच मिलिमीटरचा स्पेसर घातला की साडेआठ मिलिमीटर उरतात, साडेपाच फेऱ्यांच्या आसपास. पाच मिलिमीटरचा स्पेसर ‘तेवढा चालतो हो’ म्हणून कंपनीच्याच स्टडवर बसवून देणारी दुकानं भरपूर आहेत. चालतो, तोवर चालतो. मला १८ हवे होते, म्हणजे साडेनऊ मिलिमीटर कमी पडत होते. उत्तर सरळ होतं, कंपनीच्या स्टडपेक्षा दहा मिलिमीटर लांब स्टड.

बाजारात मात्र जे रेसिंगचे म्हणून सहज मिळतात ते कंपनीच्यापेक्षा पंचवीस-तीस मिलिमीटर लांब असतात, टोकाला बिनआट्याचा निमुळता भाग असलेले. त्या टोकाचं काम मोलाचं आहे. पिटमध्ये घाईत चाक बदलताना नट आपोआप सरळ बसतो, वाकडा आटा पकडत नाही. फक्त एवढं ध्यानात ठेवायचं की ते टोक पकडीत मोजायचं नाही, लांबीतून वजा करायचं. ज्यांची गाडी फक्त ट्रॅकवर पळते त्यांनी बिनधास्त तेच घ्यावेत. मी नाही घेतले, आणि त्याला कारण महामार्गावरचे पंक्चरवाले. स्टड नटाच्या बाहेर तीन सेंटीमीटर डोकावत असेल तर गाडीसोबत आलेला एल आकाराचा पाना नटापर्यंत पोचतच नाही, आत स्टडच टेकतो. दुकानदाराकडचं गोटीपान्याचं साधं सॉकेटही तसंच. खोल सॉकेट लागतं, १९चं, आणि ते रात्री अकरा वाजता चित्रदुर्गाच्या अलीकडे कुणाकडे असेल याची खात्री नाही. शिवाय बाहेर उघडे राहिलेले आटे पावसात गंजतात, चिखल धरतात, आणि पुढच्या वेळी गनने नट ओढताना ती माती आट्यातून दळत बाहेर येते. नऊ फेऱ्यांऐवजी पंचवीस फेरे गन फिरली की नट हाताला चटका देतो. कोरडे आटे असे तापून एकमेकांत चिकटतात आणि मग स्टडसकट नट फिरायला लागतो. त्या दिवशी तुमचा प्रवास संपला.

म्हणून मला दहाच मिलिमीटर जास्त हवे होते. पुण्यात गाडीच्या सुट्या भागांसाठी नाना पेठ. तिथे मला पहिल्या दुकानात जो स्टड दाखवला त्यावर आटे बरोबर होते, लांबी हवी तेवढी होती. ‘घेऊन जा साहेब, सगळ्या जपानी गाड्यांना बसतो.’ खिशात व्हर्नियर असतोच, टूलरूममध्ये तपासणीचं काम करणाऱ्या माणसाची ती खोड. डोक्याखाली जे उभे दाते असतात ना, ज्यांच्या जोरावर स्टड हबमध्ये घट्ट बसून राहतो, त्या नर्लिंगचा व्यास चौदाच्या वर भरला. होंडाला सव्वाबाराच्या आसपास लागतो. आटे दोघांचे तेच, एम१२ × १.५, पण तो दुसऱ्या एका जपानी कंपनीच्या गाड्यांचा स्टड होता. हबचं भोक ड्रिलने वाढवून तो बसवणारे लोक आहेत. उलटंही करतात, बारीक नर्लिंगचा स्टड मोठ्या भोकात वेल्डिंगचा टाका मारून बसवतात. हबला आणि उष्णोपचार केलेल्या स्टडला वेल्डिंग दाखवणं हा माझ्या मते गुन्हाच आहे.

दरम्यान भोसरीचे मामा मागे लागले होते. मामा म्हणजे माझे सख्खे कुणी नव्हेत. चाळीसेक वर्षं लेथवर उभे राहिलेले टर्नर, आम्ही सगळे त्यांना मामाच म्हणतो. ‘अरे बाजारात कशाला फिरतोस? ईएन चोवीस पोलादाचा बार आण, संध्याकाळपर्यंत आठ नग काढून देतो. पॉलिश मारून देतो वर.’ मामांच्या हातावर माझा पूर्ण विश्वास आहे, पण स्टडच्या बाबतीत नाही म्हणालो. कारखान्यात बनलेल्या स्टडचे आटे कापलेले नसतात, दाबून वळवलेले असतात. धातूचे तंतू आट्याच्या वळणाबरोबर वळतात आणि तळाशी दाबाचा ताण राहतो, त्यामुळे सतत ओढ-ढील झाली तरी भेग तिथून सुरू व्हायला वेळ लागतो. लेथवर टूलने कापलेल्या आट्यात तंतू तुटतात आणि तळ टोकदार राहतो, म्हणजे भेगेला आयती जागा. डोकं आणि दांडा जिथे मिळतात तिथली गोलाईही तितकीच महत्त्वाची. मामांनी ऐकून घेतलं, मग चहाचा घोट घेऊन म्हणाले, ‘बरं, मग स्पेसर तरी माझ्याकडून करून घेशील का?’ त्याला मात्र मी लगेच हो म्हणालो.

स्टड शेवटी एका ओळखीच्या रॅलीवाल्यामार्फत आले, होंडाच्याच नर्लिंगचे, कंपनीच्यापेक्षा दहा मिलिमीटर लांब. डोक्यावर १०.९ असा ताकदीच्या श्रेणीचा शिक्का. शिक्का मारायला काही खर्च येत नाही, तेव्हा एक नग कंपनीतल्या कठीणता मोजायच्या रॉकवेल मशीनवर ठेवला. १०.९ श्रेणीची कठीणता ३२ ते ३९ एचआरसीच्या पट्ट्यात हवी. ३५ आली. सगळ्यांनाच असं मशीन हाताशी नसतं हे मान्य, पण एमआयडीसीतल्या कुठल्याही उष्णोपचाराच्या शॉपमध्ये एक नग तपासून घेता येतो. जास्त कठीण म्हणजे जास्त चांगला असंही नाही. १२.९च्या बोल्टांवर इलेक्ट्रोप्लेटिंग केलं आणि नंतर नीट भाजले नाहीत, तर आत शिरलेल्या हायड्रोजनमुळे ते घट्ट केल्यावर काही तासांनी, कधी काही दिवसांनी, काहीही न करता तुटतात. चकचकीत क्रोमचे स्टड पाहिले की मला म्हणूनच आनंद होत नाही.

इथे एक गोष्ट सांगायला हवी. चाक स्टडवर लटकलेलं नसतं. बहुतेकांची समजूत तशीच असते, आणि मग ‘जाड स्टड घ्या, मजबूत’ वगैरे सल्ले येतात. नट किती जोराने आवळायचा, म्हणजे टॉर्क किती, तर होंडा सांगते १०८ न्यूटन मीटर. कोरड्या, स्वच्छ आट्यांवर एवढा टॉर्क दिला तर एम१२चा एक स्टड ढोबळमानाने साडेचार टनांनी चाकाला हबवर दाबतो. चार स्टडचे अठरा टन. त्या दाबामुळे चाक आणि डिस्क यांच्यात जे घर्षण तयार होतं ते चाकाला जागेवर धरतं, स्टड फक्त ओढून धरायचं काम करतो, स्प्रिंगसारखा किंचित ताणलेला. दाब गेला, चाक हबवर सूतभर जरी सरकायला लागलं, तरच स्टडला आडवा मार बसतो आणि तो वाकून वाकून तुटतो. म्हणजे स्टड तुटला असं आपण म्हणतो तेव्हा खरं तर आधी नट ढिला झालेला असतो.

हे एकदा डोक्यात बसलं की स्पेसरचे सगळे नियम आपोआप सुचतात. दोन पृष्ठभाग जिथे दाबले जातात तिथे रंग नको, पावडर कोटिंग तर नकोच, कारण तो थर गरम होऊन दबतो आणि दाब उतरतो. हबवरचा गंज तारेच्या ब्रशने काढायचा. डिस्क हबला धरून ठेवणारे दोन चपट्या डोक्याचे स्क्रू असतात, त्यांचं डोकं पृष्ठभागाच्या वर आलेलं नको, नाहीतर स्पेसर त्यावर डुगडुगतो. एकावर एक दोन स्पेसर कधीच नाही. आणि चार-पाच पीसीडींना चालावा म्हणून लांबट खाचा पाडलेला तो ओतीव स्पेसर, जो दुकानात ‘युनिव्हर्सल’ म्हणून विकतात, तो पेपरवेट म्हणून वापरायला हरकत नाही. त्याच्या खाचांमुळे नटाच्या बरोबर मागे, जिथे सगळ्यात जास्त दाब हवा तिथेच, धातू नसतो.

पाच मिलिमीटर हा तसा अडचणीचा आकडा. तीनचा स्पेसर असेल तर हबच्या मधली कॉलर त्याच्या पलीकडे बऱ्यापैकी डोकावते आणि चाक तिच्यावर बसतं. दहाच्या पुढे स्पेसरलाच स्वतःची कॉलर काढता येते. मधल्या पाच-सात-आठमध्ये कॉलर जवळजवळ गिळली जाते आणि चाकाला मध्य सापडत नाही, ते नटांच्या भरवशावर मध्यावर येतं. महामार्गावर शंभरच्या पुढे स्टिअरिंग थरथरायला लागतं आणि लोक बॅलन्सिंग करून करून थकतात.

माझ्या बाबतीत एक सोय होती. होंडाची कॉलर ५६.१ मिलिमीटर, पण बाजारातल्या बऱ्याच अलॉयप्रमाणे माझ्या चाकाचं मधलं भोक ७३.१ आहे. मधली तफावत भरायला प्लास्टिकची रिंग येते. ती रिंग फेकून द्यायची आणि स्पेसरलाच तिचं काम द्यायचं, असं ठरलं. मामांनी एचई३०चा ॲल्युमिनिअमचा गोल बार घेतला. आत ५६.१चं भोक, हबवर हाताने दाबून बसेल इतपत. चपटा भाग पाच मिलिमीटर. आणि चाकाच्या बाजूला आठ मिलिमीटर उंचीची कॉलर, बाहेरून ७३.१ला मारलेली. तिची भिंत साडेआठ मिलिमीटर जाड येते, म्हणजे चांगली दणकट. हबची उरलेली कॉलर तिच्या आत राहते, चाक तिच्या बाहेर बसतं. भोकं मामांनी लेथवर नाही मारली, शेजारच्या संगणकावर चालणाऱ्या व्हीएमसी मशीनवर मारून घेतली, चार भोकं १०० मिलिमीटरच्या वर्तुळावर. दोन्ही तोंडं समांतर किती, ते मी मायक्रोमीटरने आठ ठिकाणी मोजलं. सगळ्यात जास्त फरक दोन शतांश मिलिमीटर. मामांनी मला विचारलंही नाही किती आला ते, त्यांना माहीतच होतं.

वीस मिलिमीटरच्या वरचे जे बोल्ट-ऑन स्पेसर येतात, स्वतःचे स्टड असलेले, त्यांत लांब स्टडची गरजच पडत नाही, म्हणून लोकांना ते सोपे वाटतात. रस्त्यावर चांगल्या प्रतीचे, फोर्ज्ड आणि नीट टॉर्क केलेले असतील तर चालतात. पण आतले चार नट चाकाखाली झाकलेले असतात. ते ढिले झाले का हे चाक काढल्याशिवाय कळत नाही. ट्रॅकवर प्रत्येक सेशननंतर मला नट तपासायचे असतात, तिथे मला दिसणारा नट हवा.

स्टड बसवणं हे या सगळ्यातलं वेळखाऊ काम. जुना स्टड हातोड्याच्या दोन फटक्यांत मागे निघतो. नवा लांब स्टड मागून आत घालायला जाल तर नकल, म्हणजे हब आणि बेअरिंग धरणारा मागचा भाग, आडवा येतो, तो तिरका करूनही शिरत नाही. दहाच मिलिमीटर जास्त असल्यामुळे आमचा शिरेल अशी आशा होती, पण नाही. धूळ अडवायची पत्र्याची ताटली वाकवून आणि नकल ग्राइंडरने कोरून जागा करणारे पाहिलेत. नकल कोरायला माझं मन होईना. मग हबच प्रेसवर बाहेर काढायचं. या सिटीचं पुढचं बेअरिंग नकलमध्ये दाबून बसवलेलं असतं. हब बाहेर काढलं की आतली एक रिंग हबवरच अडकून येते आणि बेअरिंग गेल्यात जमा. माझी बेअरिंगं तशीही लाखभर किलोमीटर चाललेली होती, म्हणून दोन्ही बाजूंना नवी घातली, मधला ठोकून अडवलेला मोठा नटही नवा. खर्चाचा हिशेब मांडताना लोक फक्त स्टडचे पैसे धरतात. खरा खर्च बेअरिंग आणि मजुरीचा आहे.

हब टेबलवर आलं तेव्हा प्रेसचा फायदा समजला. भोकाच्या भोवती नळीचा आधार देऊन सरळ दाबायचं, म्हणजे हबची चकती वाकत नाही. गॅरेजमध्ये स्टडवर वॉशर रचून नट गनने ओढून घेतात, त्याने स्टड बसतो खरा, पण आटे पहिल्याच दिवशी ताणले जातात. दाबल्यावर प्रत्येक डोक्याखाली मी फट तपासायची ०.०५ मिलिमीटरची फीलर पट्टी घालून पाहिली. एका ठिकाणी ती अर्ध्यापर्यंत गेली. डोळ्याला डोकं पूर्ण टेकलेलं दिसत होतं. पुन्हा दाबलं, कट्ट करून आवाज आला, आणि पट्टी जायची थांबली. ते तसंच राहिलं असतं तर ट्रॅकवर तापल्यावर डोकं तेवढं आत बसलं असतं आणि त्या स्टडचा सगळा ताण उतरला असता. साडेचार टनांचा ताण म्हणजे लांबीत मिलिमीटरच्या काही शतांशांचाच फरक असतो. पाच शतांश म्हणजे त्यात फार झाले.

नटांबद्दल. लांब स्टडला बंद टोकाचा नट कधीही लावायचा नाही. करीला पॅडॉकमध्ये एका मित्राच्या गाडीचं चाक सेशननंतर हाताने हलत होतं. टॉर्क रेंचने त्याने सकाळीच सगळे नट लावले होते, प्रत्येकाला ठरलेला टॉर्क आल्याचा ‘कट्’ असा आवाज आला होता, मी समोरच होतो. नट काढून उन्हात धरला तर आत, बंद टोकाच्या मध्यभागी, स्टडच्या टोकाची गोल चमकदार खूण. नट रिमवर घट्ट होण्याआधी स्टडच्या टोकावर घट्ट झाला होता. रेंचला काय कळणार टॉर्क कुठे लागतोय ते. नट आरपार उघडे घ्यायचे, स्टीलचे. रंगीत ॲल्युमिनिअमचे नट दिसतात छान, पण ते ट्रॅकसाठी हलके म्हणून आलेत, रोज रस्त्यावर काढ-घाल करायला नाहीत.

आणि बूड बघायचं. होंडाच्या स्वतःच्या चाकांत नट बसायची जागा गोल, वाटीसारखी असते. बाहेरच्या अलॉयमध्ये ती ६० अंशांच्या शंकूची असते. शंकूचा नट वाटीत घातला तर तो एका बारीक कड्यावर टेकतो, टॉर्क दाखवतो आणि शंभर किलोमीटरमध्ये ढिला होतो. माझ्या डिकीत म्हणून नटांच्या दोन पिशव्या आहेत. एक ट्रॅकच्या अलॉयसाठी शंकूची, दुसरी गोल बुडाची. ही दुसरी पिशवी स्टेपनीसाठी. स्टेपनी कंपनीच्या लोखंडी रिमची, तिची पाटी पातळ, त्यामुळे लांब स्टड तिच्यातून भसकन बाहेर येतो. तिथे जुना बंद नट लावला तर मित्रासारखीच गत. स्टेपनी लावताना स्पेसर काढायचा की ठेवायचा, हेही घरी एकदा लावून बघून ठेवलेलं बरं. माझ्या स्पेसरची ७३.१ची कॉलर कंपनीच्या चाकाच्या ५६.१च्या भोकात जात नाही, म्हणून काढावाच लागतो. १९चं खोल सॉकेट त्याच पिशवीत.

आट्यांना तेल, ग्रीस, कॉपर पेस्ट काही लावू नका. १०८चा आकडा कोरड्या आट्यांचा आहे. वंगण लावून तेवढाच टॉर्क दिला तर ताण सहज एक तृतीयांशाने वाढतो आणि स्टड कायमचा लांबायची भीती वाढते. नवे स्टड बसवल्यावर पन्नास-शंभर किलोमीटरनंतर पुन्हा टॉर्क तपासायचा. ट्रॅकवर मी सकाळी थंड चाकावर टॉर्क देतो आणि सेशननंतर चाक कोमट झालं की फक्त तपासतो. रेंच लगेच कट् म्हणाली तर ठीक. नट हलला तर तो का हलला हे शोधल्याशिवाय पुन्हा ट्रॅकवर नाही.

चालवताना फरक जाणवतो का? पुढची चाकं आता पूर्वीपेक्षा बरीच बाहेर आहेत, ऑफसेट आणि स्पेसर दोन्ही मिळून. वळणात गाडी ठामपणे बसते, पण ते श्रेय मी टायरला देईन. स्पेसरचं देणं म्हणजे एका चाकाखाली खड्डा आला की स्टिअरिंग हाताला पूर्वीपेक्षा जास्त झटका देतं. बेअरिंगवर तरफ वाढलीय, ती पुन्हा लवकर बदलावी लागणार हे धरून चालतो. रोजच्या वापरात म्हणून मी कंपनीची चाकं स्पेसरशिवायच ठेवतो. कायद्याचं म्हणाल तर मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ कंपनीच्या मूळ रचनेत बदल करू देत नाही आणि सुप्रीम कोर्टाने जानेवारी २०१९मध्ये त्याचा अर्थ कडकच लावलाय. विम्याचा दावा लागायची वेळ आली तर सर्व्हेअर चाकाकडे बघणारच.

त्यांच्या गाडीला स्पेसर कसा टाकायचा, असे पोलोवाल्यांचे दोन-तीन मेसेज येऊन पडलेत म्हणून जाता जाता. तुमच्याकडे स्टड नाहीत, एम१४ × १.५चे बोल्ट आहेत, १२० न्यूटन मीटरवाले, गोल बुडाचे. पाचचा स्पेसर घातलात तर बोल्ट मूळच्यापेक्षा बरोबर पाचच मिलिमीटर लांब घ्या. स्टड जास्त लांब असला तर नुसता बाहेर डोकावतो, बोल्ट जास्त लांब असला तर हबच्या मागे बाहेर येतो आणि तिथे जे काही असेल त्याला घासतो. बसवल्यावर चाक हवेत धरून हाताने एक पूर्ण फेरी फिरवून बघा, आवाज येतो का. स्टड कन्व्हर्जन किटचं, म्हणजे बोल्टच्या जागी हबमध्ये स्टड बसवायच्या किटचं, विचारणाऱ्यांनी आधी हबचे आटे साफ करावेत आणि स्टड हबमध्ये पूर्ण खाली गेलाय ना ते मोजावं. तिथे फेरे दोनदा मोजायचे, एकदा हबच्या बाजूला आणि एकदा नटाच्या.